दहा हजारांच्या आत फोनो प्रीअ‍ॅम्प कसा निवडावा

कोथरूडच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. वडिलांच्या संग्रहातील दीडशेच्या आसपास एलपी आणि बारा-पंधरा 78 च्या तबकड्या त्यांनी पोटमाळ्यावरून खाली काढल्या आणि त्या ऐकण्यासाठी टर्नटेबल घेतला. त्यावर ऑडिओ-टेक्निकाचे एटी-व्हीएम95ई हे कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या कंपनाची वीज करणारा भाग, आहे. घरातला अ‍ॅम्प्लिफायर अलीकडचा असून त्याच्या पाठीमागे 'ऑक्स' आणि 'सीडी' अशी तोंडे आहेत, 'फोनो' मात्र नाही. टर्नटेबल 'ऑक्स'ला जोडला तर आवाज बारीक आणि पातळ येतो, आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला की गाण्याबरोबर गुणगुणही तेवढीच वाढते. यावर उपाय म्हणजे दोहोंच्या मध्ये जोडायची, संदेश वाढवणारी पेटी, अर्थात फोनो प्रीअ‍ॅम्प. एका विक्रेत्याने तीस हजारांचा, व्हॉल्व्हचा म्हणजे काचेच्या नळीचा, प्रीअ‍ॅम्प सुचवला आहे. एका मित्राच्या मते दोन हजारांची डबी पुरे. गृहस्थांची तयारी दहा हजारांपर्यंत आहे, आणि दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

महोदय, मी नारायण पेठेत गेली तीस वर्षे रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. माझे मत आपल्या मित्राच्या बाजूला बरेच झुकते. मात्र 'कोणता प्रीअ‍ॅम्प चांगला' या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नसते. तोच प्रीअ‍ॅम्प एका घरात स्वच्छ वाजतो आणि दुसऱ्या घरात गुरगुरतो, कारण तो एका बाजूने कार्ट्रिजशी आणि तारेशी बांधलेला असतो, तर दुसऱ्या बाजूने घरातल्या वायरिंगशी. तेव्हा आपल्या प्रश्नाचे खरे रूप असे आहे: या कार्ट्रिजला, या तारेने, या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेताना मध्ये काय काय व्हायला हवे, आणि ते दहा हजारांत होते का? होते. कदाचित एक रुपयाही न खर्चता होईल, म्हणून आधी तेवढे तपासावे.

टर्नटेबलच्या पाठीमागे, जिथून लाल-पांढऱ्या तारा निघतात तिथे, 'फोनो' आणि 'लाइन' असे लिहिलेली छोटी कळ आहे का ते पाहावे. व्हीएम95ई हे कार्ट्रिज ज्या टर्नटेबलवर कारखान्यातूनच बसवून येते त्यांपैकी अनेकांच्या पोटात साधा प्रीअ‍ॅम्प असतो, आणि कळ 'फोनो'वर असली की तो बाजूला पडतो. ती 'लाइन'वर करून 'ऑक्स'ला जोडले आणि आवाज भरून आला, तर आजची निकड संपली. असा अंतर्गत प्रीअ‍ॅम्प बहुधा कामचलाऊ असतो, पण रेकॉर्डच्या अवस्थेची कल्पना येण्यासाठी तो पुरतो, आणि पुढचा निर्णय घाईने घ्यावा लागत नाही. एक दक्षता घ्यावी. पुढे बाहेरचा प्रीअ‍ॅम्प घेतला की ही कळ आठवणीने परत 'फोनो'वर न्यावी. दोन्ही एकापाठोपाठ एक चालू राहिले तर खर्ज ढोलासारखा घुमतो आणि आवाज फाटतो. 'नवा प्रीअ‍ॅम्प खराब निघाला' म्हणून माझ्याकडे आलेल्या पेट्यांपैकी निदान चार अशा निर्दोष सुटल्या आहेत.

कळ नसेल, तर आपण वर्णन केलेली लक्षणे अगदी पाठ्यपुस्तकातली आहेत. आपल्या कार्ट्रिजमधून 1 किलोहर्ट्झच्या प्रमाणित स्वराला सुमारे 4 मिलिव्होल्ट निघतात. 'ऑक्स'ला काही शे मिलिव्होल्टची अपेक्षा असते, आणि सीडी प्लेअर तर कमाल पातळीला 2 व्होल्टपर्यंत देतो. म्हणजे शंभरपट कमी पडते, आणि म्हणून आवाज बारीक. पातळपणाचे कारण मात्र वेगळे आहे. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, कारण ते पूर्ण ताकदीने कापले तर खाच इतकी रुंद डुलेल की एका बाजूवर वीस मिनिटे मावणार नाहीत. उलट तारस्वर उचलून कापतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. हे किती दाबायचे आणि किती उचलायचे याचे प्रमाण 1954 च्या सुमारास अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग उद्योगाच्या संघटनेने ठरवले. तिच्या आद्याक्षरांवरून त्याला आरआयएए वक्र म्हणतात, आणि पुढे जगभरच्या एलपींनी तोच पाळला. फोनो प्रीअ‍ॅम्प वाजवताना याचे उलट गणित करतो: 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झला तो सुमारे 19 डेसिबल, म्हणजे नऊपट, वर उचलतो आणि 10 किलोहर्ट्झला जवळपास 14 डेसिबलने खाली, म्हणजे पाचव्या हिश्श्यावर, आणतो. आपल्या 'ऑक्स'वर हे घडतच नाही, म्हणून तबल्याच्या बायाचा घुमार गायब आणि चाटेचा कडकडाट जास्त.

या गणिताचा एक तोटा आहे आणि आपल्या पुढच्या सगळ्या कटकटी त्यातूनच निघणार आहेत. आपल्या भिंतीतली वीज 50 हर्ट्झची आहे, आणि 50 हर्ट्झला आरआयएए वक्र सुमारे 17 डेसिबल चढवतो. साध्या प्रीअ‍ॅम्पची 1 किलोहर्ट्झची वाढ 40 डेसिबल धरली तर 50 हर्ट्झवर ती 57 होते, म्हणजे जवळजवळ सातशेपट. भिंतीतून, अ‍ॅडॉप्टरमधून किंवा मोटारीतून जो काही गळका 50 हर्ट्झ तारेत शिरेल, त्याला हा सातशेचा गुणाकार लागतो. सीडीच्या तोंडावर जो दोष कधी ऐकूही येणार नाही तो इथे बैठकीत येऊन बसतो.

आपल्या संग्रहात शास्त्रीय गायन असेल तर हा दोष आणखी त्रासदायक ठरतो. अ‍ॅम्प्लिफायरमधली गुणगुण 50 आणि 100 हर्ट्झला असते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची पंचमाची तार सुमारे 104 हर्ट्झला असते. 100 आणि 104 एकत्र वाजले की सेकंदाला चार अशी थरथर ऐकू येते, जणू पहिली तार किंचित उतरली आहे. इंग्रजी रॉक ऐकणाऱ्याला जी गुणगुण गाण्याखाली लपून चालते, ती आपल्याला तंबोरा बेसूर असल्यासारखी डाचते. माझ्याकडे येणारे निम्मे शास्त्रीय श्रोते 'रेकॉर्डचा वेग चुकतोय' अशी तक्रार घेऊन येतात आणि निघते ती गुणगुण. म्हणून निवड करताना मी शांतपणाला पहिला मान देतो. 'ध्वनीचा पोत' वगैरे गोष्टी नंतर.

आता निवडीकडे वळू. वाढीचा मुद्दा सोपा आहे. 4 मिलिव्होल्टला शंभराने गुणले की 400 होतात. तेवढे आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला पुरे. 36 ते 42 डेसिबलच्या दरम्यान वाढ असलेला कोणताही एमएम, म्हणजे आपल्या कार्ट्रिजच्या मूव्हिंग मॅग्नेट जातीसाठीचा, प्रीअ‍ॅम्प चालेल. त्याहून जास्त वाढ म्हणजे जास्त दमदार आवाज, असा समज आहे, पण 50 डेसिबलचा प्रीअ‍ॅम्प तीनशेपट करतो, आणि रेकॉर्डवरचा चढा भाग प्रमाणित पातळीच्या कित्येक पट असतो, त्यामुळे प्रत्येक तानेच्या टोकाला आणि प्रत्येक ओरखड्याला तो फाटण्याच्या सीमेवर जातो. वाढ कमी-जास्त करायचा खटका किंवा नॉब असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

अवरोध, म्हणजे इनपुट इम्पीडन्स, 47 किलोओहम. जवळपास सगळ्या एमएम प्रीअ‍ॅम्पना तेवढाच असतो; त्यावर वेळ घालवू नये.

वेळ घालवावा तो कपॅसिटन्सवर, म्हणजे तारेच्या आणि प्रीअ‍ॅम्पच्या विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेवर, कारण स्वस्त प्रीअ‍ॅम्पमधला खरा फरक बहुतेक इथे असतो आणि विक्रेते याविषयी अवाक्षर काढत नाहीत. कार्ट्रिजच्या आत केसासारख्या तारेची गुंडाळी असते. आपल्या व्हीएम95ईची ही गुंडाळी 550 मिलिहेन्रीची आहे. तिच्यापुढे तारेचा आणि प्रीअ‍ॅम्पचा कपॅसिटन्स आला की दोघे मिळून एक अनुनादक बनतो, म्हणजे ठरावीक वारंवारितेला उसळी मारतो आणि तिच्यापुढे झपाट्याने कोसळतो. एकूण कपॅसिटन्स 200 पिकोफॅरड असेल तर ही उसळी सुमारे 15 किलोहर्ट्झला येते, जिथे माझ्या वयाच्या माणसाला काही ऐकू येत नाही. तोच 400 झाला तर ती 11 किलोहर्ट्झच्याही खाली उतरते आणि थेट 'स', 'श', घुंगरू, झांज आणि तबल्याच्या चाटेवर बसते. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज 'स्पष्ट' झाला. अर्ध्या तासाने कान थकतात. शिवाय त्या उसळीच्या वरचा बारीक झिरमिराट कापला जातो तो वेगळाच. ऑडिओ-टेक्निका या कार्ट्रिजला 100 ते 200 पिकोफॅरड सांगते. ऑर्टोफोन आपल्या 2एम मालिकेला 150 ते 300 सांगते. म्हणजे एखाद्या मित्राकडे ऑर्टोफोन रेडबरोबर जो प्रीअ‍ॅम्प गोड वाजला, तोच आपल्याकडे टोचू शकतो आणि दोघेही खरे बोलत असू शकतात.

हा 100 ते 200 चा आकडा एकूण बेरजेचा आहे, हे लोक विसरतात. टोनआर्ममधली तार, टर्नटेबलपासून प्रीअ‍ॅम्पपर्यंतची केबल आणि प्रीअ‍ॅम्पचे स्वतःचे तोंड, असे तिघे त्यात मोजायचे. साध्या आरसीए केबलचा कपॅसिटन्स मीटरला शंभरच्या आसपास असतो, पण जाड आणि देखण्या केबलमध्ये तो दुप्पटही सापडतो. टर्नटेबल खिडकीजवळ आणि अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीखाली म्हणून दोन मीटर केबल टाकली तर प्रीअ‍ॅम्प येण्यापूर्वीच आपला कोटा संपला. उपाय फुकट आहे: प्रीअ‍ॅम्प टर्नटेबलजवळ ठेवावा आणि त्याच्यापुढची, अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी केबल लांब ठेवावी. प्रीअ‍ॅम्पच्या पुढे गेल्यावर संदेश सशक्त झालेला असतो आणि दोन-तीन मीटरने त्याचे काही बिघडत नाही. मागची, टर्नटेबलकडून येणारी केबल मात्र एक मीटरहून कमी असावी. पिकोफॅरड मोजणारा मीटर कोणाकडे मिळाला तर, केबल दोन्हीकडून सोडवून, मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात मोजावे. अंदाजापेक्षा ते मोजमाप बरे.

त्यामुळे माहितीपत्रकात इनपुट कपॅसिटन्स छापलेला नसेल तर तो प्रीअ‍ॅम्प मी सहसा सुचवत नाही. छापलेला असेल आणि 100 किंवा त्याहून कमी असेल तर आपल्यासाठी तो योग्य. कमी असलेला वाढवता येतो, वाढलेला कमी करता येत नाही. एक सावधगिरीचा शब्द: 'स' टोचण्याचे कारण प्रत्येक वेळी कपॅसिटन्स नसते. झिजलेली सुई, तिरके बसवलेले कार्ट्रिज किंवा पूर्वी जड सुईने खरवडलेली खाच यांचाही परिणाम कानाला तसाच वाटतो. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यातच टोचत असेल तर आधी सुई आणि बसवणूक पाहावी. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखेच टोचत असेल तर कपॅसिटन्सवर संशय घ्यावा.

गोंगाटाचे आकडे वाचताना फार बारकाईत जाऊ नये. चांगल्या अवस्थेतल्या एलपीची स्वतःची खरखर तिच्या चढ्या आवाजाच्या साधारण 60 डेसिबल खाली असते आणि पोटमाळ्यावर तीस पावसाळे काढलेल्या रेकॉर्डची तेवढीही खाली नसते. एमएमसाठी 75 ते 80 डेसिबल लिहिलेला प्रीअ‍ॅम्प खाचेपेक्षा शांत असतो. त्याच्यापुढच्या प्रत्येक डेसिबलसाठी मोजलेले पैसे खाचेखाली गाडले जातात. आरआयएए वक्राची अचूकता मात्र पाहावी. अधिक-उणे अर्धा डेसिबल उत्तम, एकही चालेल, आणि याविषयी मौन असेल तर ते मौन ऐकून घ्यावे.

दोन सोयी आपल्यासाठी मोलाच्या आहेत आणि मी त्यांना किमतीपेक्षा वर ठेवीन. पहिली, खर्जाच्याही खालचे कापणारी चाळणी, जिला 'लो कट', 'रंबल' किंवा 'सबसॉनिक' फिल्टर म्हणतात. पोटमाळ्यावरच्या उन्हात आडव्या रचलेल्या एलपी हमखास वाकलेल्या असतात. 33⅓ फेऱ्यांना एक वाक सेकंदाला अर्ध्याहून किंचित अधिक वेळा, म्हणजे 0.55 हर्ट्झला, सुईला वर-खाली नेतो, आणि त्याच्या पटी सहा-आठ हर्ट्झपर्यंत पोहोचतात. ऐकू काही येत नाही, पण प्रीअ‍ॅम्प नेमका तोच भाग उचलतो आणि स्पीकरचा पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होताना दिसतो. आपल्या स्पीकरला मागे किंवा पुढे गोल भोक असेल तर हा पडदा त्या वारंवारितेला अगदी मोकळा सुटलेला असतो. त्याचा शीण पुढे गाण्यात फाटलेपणा म्हणून येतो.

दुसरी सोय 'मोनो'ची. साठच्या दशकातल्या आपल्याकडच्या बऱ्याच एलपी मोनो आहेत. मोनो खाच फक्त आडवी हलते. उभी हालचाल जी काही होते ती धुळीची आणि झिजेची. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ही उभी हालचाल परस्पर वजा होते आणि खरखर इतकी उतरते की लोकांना रेकॉर्ड धुतल्यासारखी वाटते. अ‍ॅम्प्लिफायरवर 'मोनो'ची कळ असेल तर वेगळे काही नको. नसेल, आणि प्रीअ‍ॅम्पवरही नसेल, तर प्रीअ‍ॅम्पच्या पुढे दोन्ही वाहिन्यांत एकेक किलोओहमचा रोध घालून त्या एकत्र आणणारी लहान पेटी कोणीही जाणकार शे-दोनशे रुपयांच्या सुट्या भागांत करून देईल. भाग तपकीर गल्लीत मिळतात. वाहिन्या रोधांशिवाय थेट वायने जोडू नयेत.

एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइलची सोय, आपल्याला नको. तसली बहुतेक कार्ट्रिजे अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत देतात, त्यांना 60 डेसिबल लागतात आणि त्या सोयीचे पैसे प्रीअ‍ॅम्पच्या किमतीत असतात. 'पुढेमागे लागेल' हा विचार मी अनेकांकडून ऐकला. पुढेमागे कार्ट्रिज बदललेल्यांपैकी बहुतेकांनी एमएमच घेतले.

व्हॉल्व्हविषयी माझ्या मनात आकस नाही, माझा स्वतःचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचाच आहे. पण चार मिलिव्होल्टच्या कामात व्हॉल्व्ह शांत ठेवायचा तर त्याला नीट गाळलेला उच्च दाब, निवडक नळ्या आणि चांगले कवच लागते, आणि ते तीस हजारांत बसवणे अवघड असते. त्या किमतीच्या अनेक पेट्यांत प्रत्यक्ष वाढ आतली चिप करते आणि नळी खिडकीतून मंद तांबूस दिसण्यासाठी असते. विक्रेत्याने पेटी उघडून दाखवली तर अवश्य पाहावे. हेच तीस हजार खर्चायचे ठरले असते तर मी त्यातले निम्मे सुईवर घालायला सांगितले असते: व्हीएम95 च्या त्याच अंगाला मायक्रोलिनियर टोकाची सुई बसते, आणि लंबवर्तुळी सुईवरून तिच्यावर जाताना जो फरक ऐकू येतो तो दोन प्रीअ‍ॅम्पमधल्या फरकाच्या कितीतरी पट असतो.

नावेच हवी असतील तर, किमती महिन्यागणिक हलतात म्हणून रुपये न लिहिता, इतके सांगतो. बेहरिंगरचा पीपी400 हा सगळ्यात स्वस्तांपैकी एक, सोयी शून्य, पण काम चोख. आपल्या मित्राच्या मनात बहुधा असलेच काही असावे. एआरटीच्या डीजे प्री टूला वाढीचा नॉब आहे, 100 आणि 200 पिकोफॅरडचा खटका आहे आणि लो कटही आहे. तो आपल्या मर्यादेत मिळाला तर माझे मत त्याला, दिसायला तो कितीही ओबडधोबड असला तरी. प्रो-जेक्ट आणि केंब्रिज ऑडिओ यांच्या लहान एमएम पेट्या शांत आणि विश्वासू असतात. आयफायच्या झेन फोनोमध्ये सबसॉनिक चाळणी आहे आणि वाढीच्या चार पायऱ्या आहेत, पण त्यात एमसीचे पैसे भरावे लागतात. ऑनलाइन मिळणारी एनई5532 चिपची उघडी पाटी मात्र, सोल्डरिंग येत असल्याशिवाय आणि धातूची पेटी करायची तयारी असल्याशिवाय, घेऊ नये. चिपमध्ये खोट नाही, ती चाळीसहून अधिक वर्षे उत्तम स्टुडिओंत वापरात आहे. खोट उघडेपणात आहे.

परदेशातून कोणी प्रीअ‍ॅम्प आणणार असेल तर अ‍ॅडॉप्टरवर काय छापले आहे ते आधी विचारून घ्यावे. अमेरिकेतला 120 व्होल्टचाच अ‍ॅडॉप्टर आपल्या 230 ला लावला की एका क्षणात धूर निघतो, आणि नंतर बाजारातून 'तेवढ्याच व्होल्टचा' दुसरा आणताना काही प्रीअ‍ॅम्पना डीसी नव्हे तर एसी लागतो हे ध्यानात येत नाही. माझ्या टेबलावर अशा दोन पेट्या आल्या; एक वाचली.

आता गुणगुण. प्रीअ‍ॅम्प आल्यावर ती पूर्ण जाईलच असे मी सांगणार नाही, कारण ते घरावर अवलंबून आहे. टर्नटेबलच्या तारांबरोबर एक बारीक, टोकाला काट्यासारखी पत्री असलेली तार असते. ती प्रीअ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला आवळावी. सध्या ती मोकळी लोंबत असणार, आणि आपली निम्मी गुणगुण तिथलीच असावी. नंतर सुई उचलून, आर्म जागेवर ठेवून, नेहमीच्या पातळीला व्हॉल्यूम न्यावा. गुणगुण तेव्हाही असेल तर दोष विजेचा. सुई रेकॉर्डवर टेकल्यावरच सुरू होत असेल तर तो कंपनाचा, आणि त्याला प्रीअ‍ॅम्प जबाबदार नाही. टर्नटेबलच्या तारा प्रीअ‍ॅम्पच्या तोंडातून काढून ते तोंड शॉर्टिंग प्लगने, म्हणजे मधली पिन आणि बाहेरची कडी आतून जोडलेल्या प्लगने, बंद करावे. गुणगुण गेली तर ती मागून, कार्ट्रिजच्या बाजूने येते. राहिली तर प्रीअ‍ॅम्पमधून किंवा पुढून. मोटार बंद ठेवून आणि चालू करून, आर्म हाताने आत-बाहेर नेऊन ऐकावे. जागेनुसार आवाज बदलला तर मोटारीचे किंवा जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरते आहे.

या चुंबकीय क्षेत्राने मलाही एकदा चांगलेच फिरवले. दुकान नवे असताना जागा अपुरी म्हणून मी माझा प्रीअ‍ॅम्प पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता. गुणगुण घालवण्यासाठी मी त्याचा वीजपुरवठा दोनदा नव्याने बांधला, सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, आणि तरी ती गेली नाही. नवरात्राआधीच्या साफसफाईत पत्नीने तो उचलून शेजारच्या फळीवर ठेवला आणि त्या संध्याकाळी गुणगुण नव्हती. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला सल्ला देतो तो असा की प्रीअ‍ॅम्प हातात धरून, वाजत असताना, हातभर इकडेतिकडे फिरवून पाहावा, आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर त्याच्याजवळच्या बोर्डात न खोचता दूरच्या बोर्डात खोचावा.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणखी एक अडचण असते. सॉकेटला तीन भोके असतात, तिसऱ्यामागे तार नसते. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी गुणगुणीपायी तीन प्रीअ‍ॅम्प बदलले होते. शेवटी इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची तार ओढली तेव्हा दुसऱ्या प्रीअ‍ॅम्पनेही शांत वाजायला सुरुवात केली. आपण कोथरूडच्या इमारतीत असाल तर अर्थिंग बहुधा असेल, पण तिथे उलटा त्रास होऊ शकतो: अ‍ॅम्प्लिफायरला टीव्ही जोडलेला, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि त्याची केबल इमारतीच्या गच्चीवर वेगळीच जमिनीला जोडलेली. दोन जमिनींमधून फेरा पूर्ण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरतो. ती केबल क्षणभर काढून ऐकावे, उत्तर लगेच मिळते. गुणगुण थांबते म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापण्याचा उपाय मात्र कोणी सांगितला तरी करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

वडिलांचा जुना सुटकेससारखा प्लेअर अजून घरात असेल आणि तोही या प्रीअ‍ॅम्पला जोडायचा विचार असेल, तर जोडू नये. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते, ते स्वतःच शेकडो मिलिव्होल्ट देते, आणि त्याला आरआयएएचा गुणाकार नको असतो. शिवाय त्याची सुई जड असते. निदान ज्या रेकॉर्ड अजून चांगल्या आहेत त्या तरी तिच्याखाली देऊ नयेत.

राहिल्या 78 च्या तबकड्या. या प्रीअ‍ॅम्पवर त्या वाजतील, पण दबलेल्या वाटतील. त्यांतल्या बहुसंख्य आरआयएएच्या आधीच्या किंवा त्या वक्राला न धरता कापलेल्या आहेत, त्यामुळे 10 किलोहर्ट्झला चौदा डेसिबल खाली नेण्याचा हिशेब त्यांना लागू पडत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबल थोडा वर आणि बेस थोडा खाली करून पुष्कळ जमवून घेता येते, आणि दहा-पंधरा तबकड्यांसाठी वेगवेगळ्या वक्रांचा महाग प्रीअ‍ॅम्प घेण्याचे कारण नाही. सुई मात्र बदलायलाच हवी, कारण 78 ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा जवळपास तिप्पट रुंद असते आणि एलपीची सुई तिच्या तळाशी कचऱ्यात लोळते. आपल्याच कार्ट्रिजच्या अंगाला बसणारी 78 साठीची सुई ऑडिओ-टेक्निका बनवते. सुईची प्लास्टिकची पकड, टोकाला हात न लावता, चिमटीत धरून ओढली की निघते आणि दुसरी तशीच बसते. मात्र टर्नटेबलला 78 चा वेग आहे ना, हे ती मागवण्याआधी पाहून घ्यावे, आणि सुई बदलल्यावर भार पुन्हा मोजावा.